शेवटच्या तिनानंतर

शिडी हलली तेव्हा मी आधी ब्रश सांभाळला, मग स्वतःला. आमच्या धंद्यात हीच रीत. माणूस पडला तर उठतो, रंग पडला तर भिंत जाते.

खाली पाहिलं, तर कुणीतरी दोन्ही हातांनी शिडी कवटाळून उभं होतं. मान खाली, डोळे गच्च मिटलेले. त्याच्या हातून सुटलेली मापाची टेप सळसळत आपोआप गुंडाळली जात होती.

"लागलं का?" मी वरूनच विचारलं.

"मला नाही. तुम्हाला?"

"पडलेच नाही, तर लागेल कसं?"

"बरं."

"मग आता सोडा शिडी."

"सोडतो..." पण सोडली नाही. "जरा थांबा. भीती वाटतेय."

"पडणार होते मी, आणि भीती तुम्हाला होय?"

"वाटणारच ना. धक्का माझा होता."

मग त्याने डोळे उघडले आणि वर पाहिलं. का कोण जाणे, मीच नजर वळवली... आणि उगाचच ब्रश डब्यात बुडवला, जो आधीच बुडवलेला होता.

तो त्या विज्ञान केंद्रातला गणितवाला. गणिताचं नवं दालन उभं करायचं काम त्याच्याकडे होतं. अंगाने किडकिडीत, उंचीने बेताचा. तिथल्या सुताराने त्याचं नाव 'दशांश' ठेवलं होतं, आणि त्यानेही तक्रार न करता ते चालू दिलं होतं. मी पाट्या रंगवणारी, पेंटरची मुलगी आणि आता स्वतःच पेंटर. दालन अर्धगोल होतं. गिलावा नुकता वाळलेला, हवेत चुन्याचा आणि ताज्या भुशाचा वास. भिंतीपुढे फूटभर अंतर सोडून लाकडी कठडा बसवलेला, आणि त्या वळत जाणाऱ्या पांढऱ्या भिंतीवर मला माणसाहून उंच असे आठ अंक काढायचे होते. ७३९३९१३३.

"कुणाचा फोन नंबर आहे का हा?" मी विचारलं.

त्याने असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या बहिणीला नावं ठेवली होती.

"सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस," तो एका दमात म्हणाला. "मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडली, तर हिला कशानेच भाग जात नाही."

"म्हणजे आमची आत्या."

तो हसला. हसला की त्याचा चष्मा वर सरकायचा.

"आणि गंमत ऐका. हिचा उजवीकडचा एकेक अंक पुसत जायचं. जे उरेल ते दर वेळी मूळच असतं. सरळ सातापर्यंत. तुम्ही डावीकडून रंगवत येणार ना? म्हणजे सात, त्र्याहत्तर, सातशे एकोणचाळीस, सात हजार तीनशे त्र्याण्णव... ज्या दिवशी काम थांबेल, त्या दिवशी भिंतीवर असेल ते मूळच. अशी याहून मोठी संख्या नाही. ही शेवटची." मग शिडीवर टिचकी मारून म्हणाला, "मधेच सोडून गेलात, तरी चूक ठरणार नाही असं काम दिलंय तुम्हाला, पेंटरीणबाई."

तो गमतीने म्हणाला. मला मात्र हसता आलं नाही.

कारण मधेच सोडावं लागेल का, हेच तर मला ठाऊक नव्हतं.

थंडी सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा माझा उजवा हात थरथरला होता. एका दुकानाची पाटी करत होते. लांब रेघ ओढत आणली आणि शेवटाला ब्रशचं टोक पाण्यावरच्या काडीसारखं हललं. एवढंसंच. गार वाऱ्यामुळे असेल, म्हटलं. पुढच्या वेळी वारा नव्हता.

आमच्या घरात थरथर ही नवी पाहुणी नव्हती. बाबांचा हात म्हणजे काय हात होता. दोरी न आखता ओळ काढायचे आणि वर पट्टी ठेवून बघितली तर केसाचा फरक नसायचा. मग त्यांच्या पाट्यांची अक्षरं लहान व्हायला लागली. सुरुवातीला टपोरं, शेवटाकडे मुंगीएवढं. त्यांना ते दिसायचंच नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "पेंटर, शेवटी एवढी जागा का सोडलीत हो?" बाबा पाटीकडे बघत राहायचे. हात उघड थरथरू लागला तो त्यानंतर. आता ते खुर्चीत बसतात, उजवा हात मांडीखाली दाबून. आई भरवते.

घर माझ्या हातावर चालतं. हे वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण म्हणत नसे.

म्हणून मी युक्त्या काढल्या होत्या. ब्रश धरताना डाव्या हाताने उजवं मनगट पकडायचं. हात टेकायला काठी असतेच आमच्याकडे, ती जरा जास्तच दाबून धरायची. लांब रेघ एका श्वासात न ओढता तीन श्वासांत. आणि कुणी जवळ नसेल तेव्हा भिंतीला तोंड लावून हाताशी हळूच बोलायचं. "थांब ना राजा... एवढी रेघ होऊ दे. थांब."

तो ऐकायचा कधी. कधी नाही.

साताचा वळसा पार पडला. मग तीन. दशांश रोज येऊन बघायचा. शिडीपासून चांगला चार हात लांब उभा राहायचा आता.

"त्र्याहत्तर," तो म्हणाला. "मला फार आवडते ही."

"काय आवडण्यासारखं आहे त्र्याहत्तरात?"

"आठाचा वर्ग चौसष्ट. तिनाचा वर्ग नऊ. मिळवा."

"त्र्याहत्तर."

"मूळ संख्येला चाराने भागून बाकी एक उरली, तर ती नेहमी दोन वर्गांची बेरीज असते. आणि अशी जोडी एकच असते. दुसरी सापडत नाही, कितीही शोधा."

"आणि बाकी एक उरली नाही तर?"

"तर एकटी. सात बघा... साताला जोडी नाही."

"आणि ही अख्खी मोठी? हिला आहे?"

"आहे. तेहेतिसाने संपते ना, चाराने भागा, एक उरतो." तो चष्मा पुसायला लागला. "पण कोणती ते अजून काढलं नाही मी. हाताने शोधतोय. मशीनला विचारलं तर लगेच सांगेल, पण... असं विचारून घेण्यात काय मजा."

तो हे संख्येबद्दल बोलत होता. तरी माझे कान तापले. मी ब्रश खाली ठेवला, कारण त्या क्षणी थरथर सुरू झाली असती तर ती कसली, हे मलासुद्धा सांगता आलं नसतं.

भीतीची गंमत अशी की ती एकटी येत नाही. त्याचा पाय वाजला की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की भीती वाटायची. हा बघेल. आज नाही तर उद्या बघेल. मग तो सहानुभूतीने बोलायला लागेल, दारापर्यंत सोडायला येईल, आणि एक दिवस यायचा बंद होईल. किंवा त्याहून वाईट... यायचा बंद होणार नाही. आईसारखा चमचा घेऊन बसेल.

अंकांच्या खाली छोट्या अक्षरांत संख्येचे गुण लिहायचे होते. त्याने कागद आणून दिला, तेव्हा आम्ही उपड्या डब्यांवर बसून चहा घेत होतो. मी कप डाव्या हातात धरला होता.

"विषम. मूळ. न्यून," मी वाचलं. "न्यून? सात कोटींना न्यून म्हणता तुम्ही?"

"स्वतःला सोडून जेवढे विभाजक असतील, त्यांची बेरीज करायची. संख्येपेक्षा कमी भरली तर न्यून, जास्त भरली तर विपुल. बरोबर तेवढीच आली तर परिपूर्ण. हिच्याकडे फक्त एक हा एकच विभाजक. त्यामुळे..."

"सात कोटींच्या पुढ्यात एक. बिचारी."

"बिचारी कसली. सगळ्या मूळ संख्या न्यूनच असतात. त्यांचं त्यावाचून काही अडत नाही."

"आणि हे खोडलंय काय?"

"ते सोडा. मोठ्या बाई म्हणाल्या, मुलं हिरमुसतील." मोठ्या बाई म्हणजे केंद्राच्या संचालिका. "संख्या आनंदी की दुःखी ते ठरवायचा एक खेळ आहे. प्रत्येक अंकाचा वर्ग करा, बेरीज करा. आलेल्या उत्तराचं परत तसंच. करत करत एकावर पोचली तर आनंदी."

मी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला. दोनशे अठ्ठेचाळीस. चौऱ्याऐंशी. ऐंशी. चौसष्ट. बावन्न. एकोणतीस. पंच्याऐंशी. एकोणनव्वद. एकशे पंचेचाळीस, बेचाळीस, वीस, चार. चारावर आले तेव्हा वाटलं, आता एक येणारच. सोळा. सदतीस. अठ्ठावन्न. आणि मग परत एकोणनव्वद.

"ही तर गोल फिरायला लागली."

"हो. त्या फेऱ्यात एकदा पाय पडला की सुटका नाही."

"कधीच?"

"कधीच." माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो घाईने म्हणाला, "अहो, नावं देणाऱ्यांनी गमतीने दिलीत. संख्येला कसलं आलंय दुःख."

त्या संध्याकाळी घरी चालत जाताना माझाही फेरा चालू होता. थंडीमुळे असेल. पण उन्हातही झालं. दमल्यामुळे असेल. पण सुट्टीच्या दिवशीही झालं. मग बाबांचंच. नाही, बाबा किती मोठे होते तेव्हा. पण त्यांचंही असंच, थंडीमुळे असेल म्हणत... आणि परत थंडी. दवाखान्याचा नंबर मी अनेकदा लावला होता. पलीकडून "हॅलो" आलं की ठेवून द्यायचे.

नऊ झाला, तीन झाला. हाताला माप बसलं की आम्ही पट्टी लावत नाही. सुताराने अंकाच्या रुंदीची पट्टी कापून दिली होती, तीही मी पाचव्या अंकापासून बाजूला ठेवली. तेवढाच एक ताठा उरला होता माझ्याकडे. एकाची शेपटी खाली आणताना जीव गेला. मग तीन, मग शेवटचा तीन. त्याचं पोट वळवून टोक सोडलं, तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि मी भिंतीला कपाळ टेकून कितीतरी वेळ तशीच उभी होते.

झालं होतं. सात कोटी पूर्ण.

दुसऱ्या दिवशी सुताराने उजव्या टोकाला रचलेल्या फळ्या हलवल्या. त्या फळ्यांमागे भिंतीचं टोक इतके दिवस दिसलंच नव्हतं. फळ्या गेल्या, आणि शेवटच्या तिनानंतर पांढरी जागा दिसली. तीन फूट तरी. एखादा बारीक अंक मावेल एवढी.

अंकांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरायला हवी होती. ठरलंच तसं होतं.

*शेवटी एवढी जागा का सोडलीत हो, पेंटर?*

मी अंकांकडे पाहिलं. सात टपोरा होता. शेवटचे तीन... मला ते लहान दिसत होते. दिसत होते की होते? बाबांनाही दिसायचं नाही. भिंत डोळ्यांपुढे आकसत गेल्यासारखी वाटली. मी कठड्याला धरलं.

मोठ्या बाई नेमक्या तेव्हाच पाहणीला आल्या. "हे काय, इथे भुंडं का? परवा उद्घाटन आहे."

"बघतो मी, बाई," दशांश म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

"बघायचं काय त्यात? एखादा अंक वाढवा. शून्य घाला. शून्याला काय लागतं?"

"शून्य घातलं तर दहाने भाग जाईल, बाई."

"मग एक घाला."

"एक घातला तर तिनाने जातो. सात घातला तरी तिनानेच."

"पाच?"

"पाच..." त्याला खरोखर वाईट वाटलं. "बाई, पाच कसा घालू."

"मग तीन. नाहीतर नऊ."

"ते दिसायला साळसूद आहेत, पण फुटतात. हिच्यापुढे काहीच जोडता येत नाही, म्हणून तर ही निवडली."

"एवढी हट्टी संख्या तुम्हालाच कुठून सापडली." बाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "मग असं करा, पेंटर. सगळं पुसा आणि परत मापात काढा. दोन दिवस आहेत."

त्या गेल्या. मी फळ्यांच्या ढिगामागे जाऊन जमिनीवर बसले. पुसणं जमलं असतं. परत काढणं जमलं नसतं. ते मला जितकं स्वच्छ ठाऊक होतं, तितकं आयुष्यात काहीच नव्हतं.

तो येऊन समोर उकिडवा बसला.

"फट माझ्यामुळे पडली," मी म्हटलं. एकदाचं म्हटलं. "शेवटी शेवटी अंक लहान झालेत माझे. मी पट्टी लावली नाही. कळतच नाही करताना... तुम्ही दुसरा पेंटर बघा."

तो उठला, सुताराची पट्टी शोधली आणि सातावर आडवी धरली. मी गुडघ्यात तोंड घातलं. पट्टी भिंतीला टेकल्याचा आवाज तेवढा येत होता. टक. मग थोडी शांतता. टक. तो पुढे पुढे सरकत होता, आणि प्रत्येक 'टक'ला मी मनात अंक मोजत होते.

"बघा," तो म्हणाला.

"नको."

"बघा तर."

शेवटच्या तिनावर पट्टी होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत, बोटाचासुद्धा फरक नव्हता.

"आठही एकसारखे आहेत," तो म्हणाला. "शेवटचे चार पट्टीशिवाय काढलेत ना? मला तर भीतीच वाटली, माणसाचा हात आहे की काय."

"मग जागा उरली कशी?"

तो भिंतीकडे बघत राहिला. मग कठड्याकडे. मग परत भिंतीकडे. आणि हळूहळू त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"अरे देवा," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. "गिलावा ओला होता तेव्हा मोजलं मी. गवंडी भिंतीला हात लावू देईना. मी मध्यापासून कठड्यापर्यंत मोजलं आणि म्हटलं, फूटभर नंतर मिळवू."

"मिळवला नाहीत."

"नाही. त्रिज्येत एक फूट चुकला, की अर्ध्या वर्तुळावर तीन फुटांहून जास्त चुकतं. प्रत्येक अंकाची रुंदी मीच कमी दिली तुम्हाला." त्याने चष्मा काढला. "मी गणितवाला आहे."

"कळलं."

"कुणाला सांगू नका."

"आणि मोठ्या बाईंना?"

"त्यांना मीच सांगतो." तो अर्धवट उठला आणि परत बसला. "पाच मिनिटांनी."

मी हसायला लागले, मग तोही. इतक्या दिवसांचं साठलेलं हसू, आवरेना. आणि हसता हसताच हात सुरू झाला. उघड्यावर, त्याच्या डोळ्यांसमोर. मी तो झटकन मांडीखाली दाबला. अगदी बाबांसारखा.

तो हसायचा थांबला.

"डॉक्टरांना दाखवलं?" त्याने हळू विचारलं.

"काय?"

"हात."

"तुम्हाला... कधी दिसलं?"

"दिसलं नाही, ऐकू आलं. ही भिंत गोल आहे ना, इथे तिला लागून कुजबुजलं की आवाज कडेकडेने सरकत त्या टोकाला जातो. दालन उघडल्यावर मुलांना हा खेळ दाखवायचाय. आणि त्या टोकाला माझं टेबल आहे." तो जमिनीवरचा भुसा गोळा करायला लागला. "आधी वाटलं, तुमचा कुणी राजा आहे. फोनवर बोलताय त्याच्याशी. 'थांब ना राजा' म्हणून... मी दोन दिवस चहाला आलो नाही, आठवतं?"

"पोट बिघडलंय म्हणाला होतात."

"बिघडलंच होतं."

मला रडूही येत होतं, हसूही. "आणि मग?"

"मग एकदा तुम्ही म्हणालात, 'हाता, तुझ्या पाया पडते.' तेव्हा कळलं." भुशाचा छोटा ढीग झाला होता. "कळल्यावर बरं वाटायला हवं होतं, की राजा वगैरे कुणी नाही. पण मग निराळीच भीती बसली. तुम्ही वर चढलात की मी तिकडे टेबलावर बसून... काही नाही. एक ओळसुद्धा वाचायचो नाही. तुमची रेघ संपेपर्यंत बसून राहायचो."

मी डाव्या हाताने तो ढीग विस्कटला.

"मला तुम्ही..." तो थांबला. "म्हणजे, मला यायचंय. तुमच्याबरोबर. दवाखान्यात. आणि नंतरही... जिथे जाल तिथे."

"नको," मी म्हटलं. इतक्या घाईने, की तो मागे सरकला. "माझ्या बाबांना आई भरवते. घास खाली सांडतो, ती पुसते. परत भरवते. रोज. मी पाहिलंय ते. तुम्हाला कल्पना नाही."

"नाही," तो म्हणाला. "धीर कसा द्यायचा ते मला येत नाही. मलाही भीतीच वाटते."

मग तो उठला आणि मोठ्या बाईंकडे गेला. त्याला खूप वेळ लागला. परत आला तो काळ्या रंगाचा डबा घेऊन. रिकाम्या जागेवर फळ्याचा काळा रंग लावायचा, शेजारी खडू ठेवायचा, आणि मुलांना म्हणायचं, लावून बघा पुढचा अंक. बाईंना ते इतकं आवडलं, की चूक कोणाची हे विचारायचंच त्या विसरल्या. रंग मी लावला. तो शेजारी नव्हता, त्याच्या टेबलाशी होता, आणि मी हाताशी एक शब्द बोलले नाही.

घरी गेले तेव्हा आई बाबांना भरवत होती. मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं, "आई, माझा हात थरथरतो."

चमचा वाटीत ठेवल्याचा आवाज आला. आई माझ्याकडे बघत राहिली. बाबांनी मात्र वर पाहिलं नाही. ते म्हणाले, "काठी फार दाबून धरतेस हल्ली. तळहाताला वळ दिसतात." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी मांडीखालचा हात काढला आणि पुढे केला. मी त्यात माझा दिला. कोणाचा किती थरथरतोय, काही कळेना.

"डॉक्टरांकडे का नाही गेलीस?" आईने विचारलं.

"भीती वाटते. आणि... एकजण आहे. तो बरोबर येतो म्हणतो. पण उद्या असंच झालं, तर त्याच्या गळ्यात..." मी वाटीकडे पाहिलं.

आई जराशी रागावलीच. "भरवण्याचं काय घेऊन बसलीस? तुला नाही भरवलं? तू तर तोंडावर उडवायचीस." तिने बाबांच्या हनुवटीवरचं शीत टिपलं. "माझे हाल झाले ते ह्यांनी लपवलं तेव्हा. दोन वर्षं, बाई. रोज चिडायचे, पाठ फिरवून बसायचे. मला वाटायचं, माझंच काही चुकलं. एकदा सांगितल्यावर मी पोटभर रडले, आणि त्या रात्री कधी नव्हे ती झोप लागली मला."

बाबा खुर्चीत खाकरले. "किती वेळा उगाळशील ते."

"मरेपर्यंत," आई म्हणाली आणि पुढचा घास पुढे केला.

मी बाहेर येऊन दवाखान्याला फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं. मी ठेवला नाही. त्यानंतर दुसरा फोन लावला.

"उद्या अकराची वेळ मिळालीय," मी म्हटलं. "येतोस?"

पलीकडे काहीतरी पडलं. बहुतेक खुर्ची.

"येतो," तो म्हणाला.

दवाखान्याच्या बाकावर बसलो, तेव्हा तो माझ्याहून पांढरा पडला होता. समोरच्या भिंतीवर मेंदूचं चित्र होतं. मी तिकडे बघत नव्हते, तोही बघत नव्हता. दर वेळी आतलं दार उघडलं की आम्ही दोघं एकदमच दचकायचो. मधे एकदा त्याने कुजबुजत विचारलं, "पाणी आणू?" मी म्हटलं, "नको, जाऊ नकोस." मग तो हललाच नाही. त्याच्या हाताला घाम आला होता, हे मला कळलं, कारण माझा उजवा हात त्याच्या हातात होता. कधी गेला होता, ठाऊक नाही. तो थरथरत होता आणि मी त्याला दाबून टाकलं नव्हतं.

नर्सने माझं नाव पुकारलं. आम्ही दोघं उठलो, तशी ती दारातच अडली. "आत फक्त नात्यातलं माणूस. हे कोण लागतात तुमचे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच मागणं नव्हतं. तो बाहेर थांबायच्या तयारीने अर्धा मागेसुद्धा झाला.

"माझे आहेत," मी म्हटलं.

"हो, पण नातं?"

"तेच," मी म्हटलं. "माझे."

नर्स जरा घुटमळली, मग बाजूला झाली.

आतल्या डॉक्टरबाई वयस्क होत्या. आवाज मऊ. त्यांनी बाबांचं विचारलं, थंडीचं विचारलं, झोपेचं विचारलं. मी सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. बोलता बोलता मी त्याचा हात आणखी घट्ट धरला, कारण आता पुढे काय येणार ते मला कळत होतं.

"बघू या," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली. "दोन्ही हात असे समोर धरा."

डावा मी लगेच धरला. उजवा मात्र आधी सोडवून घ्यावा लागला.